रोख रक्कम की बचत गट? केनियातल्या गावासाठी

नैरोबीत राहणाऱ्या मैत्रिणीने विचारलं: पश्चिम केनियातल्या एका गावासाठी वर्गणी जमलीय. ती घराघरांत रोख वाटावी, की बायकांचे बचत गट उभे करावेत?

खर्चात गट फारच स्वस्त. बाहेरून लागतो तो शिकवणारा माणूस, वह्या आणि तीन कुलपांची पेटी, भांडवल बायकांचंच. नायजरमध्ये १९९१ साली सुरू झालेली ही पद्धत भिशी लावणाऱ्याला लगेच कळेल, फरक इतकाच की इथे कर्ज देऊन व्याजही मिळवतात आणि साधारण वर्षाने सगळं वाटून पुन्हा सुरुवात करतात. मदत करणारा निघून गेला तरी गट चालू राहू शकतो.

पण गरिबी हटते का? इथे मी रोख रकमेच्या बाजूने आहे. पश्चिम केनियातल्याच सियाया भागात दहा हजारांवर कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर मिळाले, तेव्हा पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांचा घरखर्चही वाढला आणि महागाई जेमतेम झाली. घाना, मलावी, युगांडातल्या गटांच्या अभ्यासात बायकांचे धंदे सुधारले, घरात त्यांच्या शब्दाला वजन आलं; घरखर्चात मात्र सरासरी फरक दिसला नाही. शिवाय पेटीत टाकायला ज्यांच्याकडे काहीच नाही त्या गटात येतच नाहीत, हे मला फार खुपतं.

मेहनत? रोख एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेने, पोचते, गटाला महिनोन्‌महिने सोबत लागते.

म्हणून छप्पर गळतंय, जनावर नाही, अशा घरांना रोख द्या. थोडी कमाई आहे पण साठवायला सुरक्षित जागा नाही, तिथे गट. वर्गणी सगळ्यांना पुरणार नसेल तेव्हाही गटच.