वाय गुणसूत्राची कुळतपासणी: कुळ जुळले, साल मात्र सैल

आमच्या घरात सांगत आले आहेत की आमच्या कुळातल्या दोघा मूळ भावांपैकी धाकटा दमाजीराव गायकवाडांच्या फौजेत होता आणि 1734 मध्ये बडोदे हाती आल्यावर इथेच राहिला. थोरला शिंद्यांच्या चाकरीत गेला आणि त्याचा वंश पुढे ग्वाल्हेरीत स्थिरावला. ही हकिगत पडताळावी म्हणून मी बडोद्याच्या दांडिया बाजारातून आणि भावकीतल्या एका काकांनी ग्वाल्हेरहून, असे दोन नमुने एका परदेशी प्रयोगशाळेकडे पाठवले. माणशी 11,500 रुपये पडले. गालाच्या आतून काडी फिरवण्याची पद्धत सोपी आहे, सूचना स्पष्ट आहेत. आठ आठवडे सांगून अकरा लागले, एवढीच किरकोळ तक्रार.

अहवालाचा पहिला भाग उत्तम आहे. पुरुषांतच असणारे वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते, आणि त्यावरच्या तपासलेल्या 37 खुणांपैकी (खूण म्हणजे एक लहान तुकडा लागोपाठ किती वेळा येतो ते मोजायची जागा) आमच्या 35 तंतोतंत जुळल्या, दोन एकेका पायरीने, म्हणजे एका आवर्तनाने, वेगळ्या निघाल्या. आकड्यांचा हा पूर्ण तक्ता हाती देतात, ही या सेवेची खरी किंमत. तो पाहून काकांचा फोनवर कंठ दाटून आला होता.

हरकत आहे ती दुसऱ्या भागाला. तिथे एकच ओळ आहे: समान पूर्वज सुमारे इ. स. 1640. हा आकडा कुठून आला, हे विचारल्यावर तीन आठवड्यांनी उत्तर आले की दर पिढीला दर खुणेमागे 0.0025 बदल आणि 30 वर्षांची पिढी धरली आहे. मग मी स्वतः हिशेब मांडला. दोन्ही शाखांच्या मिळून 74 खुणा, म्हणजे दर पिढीला 0.185 बदल अपेक्षित. त्यामुळे दोन फरक पडायला साधारण 11 पिढ्या, म्हणजे सव्वातीनशे वर्षे लागतात. आमच्या जन्मसालांपासून मागे मोजले तर बेरीज बरोबर आहे. पण बदल घडतात ते यदृच्छेने, ठरावीक अंतराने नव्हे. केवळ दोन फरकांवरून 95 टक्के खात्रीने बोलायचे तर तीन पिढ्यांपासून 39 पिढ्यांपर्यंत, म्हणजे शंभर वर्षांपासून जवळजवळ पावणेबाराशे वर्षांपर्यंत, कोणतेही उत्तर संभवते. हा पट्टा अहवालात छापायलाच हवा होता.

त्यातच पिढी 25 वर्षांची धरली तर 270 वर्षे होतात आणि 33 ची धरली तर 356. शिवाय लोकसमूहांच्या दीर्घ इतिहासावरून काढलेला, 25 वर्षांना 0.00069 हा मंद दर लावला, तर हाच पूर्वज 980 वर्षे मागे जातो. कुळांच्या अलीकडच्या इतिहासासाठी बाप-लेकांच्या जोड्यांवरून मोजलेला (वरच्या 0.0025 सारखा) जलद दरच योग्य, असे माझे मत आहे. पण कोणता दर लावला आणि का, हे ग्राहकाला न विचारता कळले पाहिजे.

आमच्या हकिगतीतला समान पूर्वज, म्हणजे त्या भावांचा बाप, 1680 च्या आसपास जन्मला असावा. तपासणी याच्या आड येत नाही, पण ते सिद्धही करत नाही. वीस फरक निघाले असते तर मात्र हकिगत निकालात निघाली असती. दत्तकाचाही विचार करावा लागतो, कारण परकुळातला मुलगा दत्तक आला तर वंशावळ अखंड राहते आणि वाय गुणसूत्र बदलते. बडोद्याच्या गादीवरही 1875 मध्ये कवळाण्याहून सयाजीराव महाराज दत्तकच आले, अर्थात ते गायकवाडांच्याच शाखेतले. आमच्या दोन्ही शाखांत नऊ दत्तक कागदोपत्री आहेत आणि तरीही 35 खुणा जुळल्या, म्हणजे ते भावकीतूनच घेतले असणार. हे मला सालापेक्षा मोलाचे वाटते.

कुळ एक आहे का, एवढेच विचारायचे असेल तर ही सेवा जरूर घ्यावी. काळ हवा असेल तर गुणसूत्राचे सविस्तर वाचन करावे. त्यात गुणसूत्राच्या रासायनिक लिपीतल्या एकेका अक्षराचे बदल मोजतात आणि त्यांचा दर अधिक भक्कम पायावर आहे: सैबेरियात सापडलेल्या 45,000 वर्षांपूर्वीच्या मांडीच्या हाडावरून 2014 मध्ये आणि आइसलँडच्या वंशावळींवरून 2015 मध्ये काढलेले दर एकमेकांच्या बरेच जवळ आहेत. एक कोटी अक्षरे वाचली तर सुमारे सव्वाशे वर्षांना एका शाखेत एक बदल दिसतो. नेमके साल त्यातूनही मिळणार नाही, पण पट्टा पुष्कळ अरुंद होईल. प्रयोगशाळेने दोन्ही नमुने जपून ठेवले आहेत. काकांची संमती आली आहे आणि पुढची मागणी मी नोंदवली आहे.