टी३ व्हॅनमध्ये सुबारूचं इंजिन: गॅरेजच्या कामाचा रिव्ह्यू

गॅरेजचं नाव लिहीत नाही. त्यांचं अर्धं काम मला फार आवडलं, उरलेल्या अर्ध्यावरून आमचं चांगलंच वाजलं, आणि नाव टाकलं की लोक फक्त भांडण वाचतात. शिवाय असं काम करणारी गॅरेजेस सगळीकडे थोडीच असतात आणि साधारण एकाच पद्धतीने करतात. तेव्हा काय तपासून घ्यायचं, यासाठी हे वाचा.

गाडी आहे फोक्सवॅगनची टी३. काही देशांत हिलाच व्हॅनागॉन म्हणतात. १९७९ मध्ये आलेलं हे मॉडेल, चौकोनी तोंडाचं, इंजिन मागे, ड्रायव्हर पुढच्या चाकांच्या अगदी वर. आमची पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची, १.९ लिटर, कार्ब्युरेटरवाली, ७८ हॉर्सपॉवरची. छप्पर वर उचलून झोपायची सोय, ओटा, पाण्याची टाकी हे सगळं आत. एवढं ओझं घेऊन ७८ घोडे चढावर काय करणार? दुसरा गिअर टाकायचा आणि मागे साचलेल्या गाड्यांकडे आरशात बघायचं नाही.

तरी नुसत्या ताकदीसाठी मी इंजिन बदललं नसतं. मला हळू जायला काही वाटत नाही. पण या इंजिनाचं जुनं दुखणं सगळ्यांना माहीत आहे. चार सिलिंडर आडवे, दोन इकडे दोन तिकडे, आणि हेडभोवतीचं (हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण) पाणी अडवायला रबराचं एक लांब गॅस्केट, म्हणजे जोडातली पट्टी. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) जुनं झालं किंवा चुकीचं भरलं गेलं की त्या रबराला टेकलेला हेडचा ॲल्युमिनियमचा काठ झिजत जातो, खड्डे पडतात, आणि मग नवं गॅस्केट बसवलं तरी पाणी पाझरतच राहतं. म्हणूनच यात फॉस्फेट नसलेलं कूलंट घालायचं असतं. आमच्या आधीच्या मालकाने काय घातलं होतं देव जाणे. हेड उतरवलं तेव्हा तो काठ बोटाने चाचपला तर कुरतडल्यासारखा लागला. नवी हेड, नवे स्टड आणि शिवाय खालचं इंजिन म्हातारं, असा हिशेब झाल्यावर स्वॅपचा, म्हणजे पूर्ण इंजिनच बदलण्याचा विषय निघाला.

घरात दोन मतं होती. नवऱ्याला डिझेल हवं होतं, फोक्सवॅगनचं टर्बो डिझेल टीडीआय. वाईट पर्याय नाही तो. ओढ जबरदस्त, ॲव्हरेज उत्तम. पण त्या इंजिनाचे चार सिलिंडर एका ओळीत. त्याला या गाडीत बसवायचं तर मूळच्या डिझेल टी३ मध्ये होतं तसं ५० अंशांत आडवं कलवावं लागतं, त्यासाठी त्या डिझेल गाडीचा इंजिन ब्रॅकेट आणि वेगळा संप (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) शोधावा लागतो. आणि झोपायच्या पलंगाखाली डिझेलची धडधड. मी नाही म्हटलं. सुबारूचं ईजे२२ मुळातच आडव्या चार सिलिंडरचं, २.२ लिटरचं. उंची कमी, म्हणून मागच्या डिकीतल्या झाकणाखाली मावतं, आणि ताकद १३० हॉर्सपॉवरच्या पुढे. फिरायची दिशाही जुन्या इंजिनाचीच, त्यामुळे गिअरबॉक्सला काही कळत नाही.

सुबारूचंच मोठं ईजे२५ घ्या, आणखी जोर मिळेल, असंही गॅरेजमध्येच एकाने सुचवलं. त्या इंजिनाच्या हेड गॅस्केटची ख्याती ऐकून मी हात जोडले. एका गॅस्केटच्या तावडीतून सुटून दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं?

आता काम.

इंजिन त्यांनीच आणलं, १९९४ च्या सुबारू लेगसी गाडीमधलं. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं माझ्यासमोर मोजून दाखवलं, ही पहिली चांगली गोष्ट. दुसरी म्हणजे इंजिन बाहेर होतं तेव्हाच मागचं क्रँक सील, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि वाल्व्ह यांचा मेळ राखणारा पट्टा) आणि त्याचे टेन्शनर-आयडलर सगळे बदलून टाकले. हे सांगावं लागलं नाही. मागचं सील नंतर गळायला लागलं तर इंजिन पुन्हा उतरवावं लागतं, हे ज्याला ठाऊक असतं तो आधीच बदलतो.

जोडणीसाठी तयार किट वापरलं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ॲडॅप्टर प्लेट, फोक्सवॅगनची क्लच प्लेट बसेल असं फ्लायव्हील, इंजिन पेलणारा नवा आडवा ब्रॅकेट, आखूड संप आणि त्याच्याबरोबर आखूड ऑइल पिकअप (ऑइल ओढणारी नळी). हा संप महत्त्वाचा. सुबारूचा मूळ संप खोल असतो आणि गाडीच्या पोटाखाली लोंबतो. कच्च्या रस्त्यावर पहिल्या दगडाला फुटायचा. आखूड संपात ऑइल थोडं कमी मावतं, म्हणून डिपस्टिक मी आता जास्त वेळा बघते. किट ठाकठीक बसलं. कुठे घासाघीस नाही, वायसर घालून जुळवाजुळव नाही. एक्झॉस्ट मात्र त्यांना हाताने बनवावा लागला आणि तो छान बनवलाय, जमिनीपासून उंच आणि आवाजाला शांत.

पण खरं कौतुक वायरिंगचं. सुबारूचं अख्खं हार्नेस (वायरींचा जुडगा) त्यांनी टेबलावर पसरलं आणि इंजिनाला लागत नाहीत त्या सगळ्या वायरी एकेक करून सोडवून काढल्या. दिवे, खिडक्या, कुलपं, एसी, सगळं बाद. उरलं ते एक सडपातळ हार्नेस, कापडी टेप गुंडाळलेलं, प्रत्येक टोकाला चिठ्ठी. सोबत मला कागदावर आकृती दिली, कुठल्या रंगाची वायर कुठे जाते त्याची. आणि इंजिनचा वॉर्निंग लाइट त्यांनी डॅशबोर्डवर नीट जोडून दिला. पुष्कळ जण तो जोडतच नाहीत, म्हणजे मग तक्रारही दिसत नाही.

आणखी एक बारकावा त्यांनी सांभाळला. सुबारूच्या कंप्युटरला गाडीचा वेग कळावा लागतो. तो सिग्नल दिला नाही तर गाडी थांबवताना इंजिन अचानक बंद पडू शकतं आणि वॉर्निंग लाइट लागून राहतो. टी३ मध्ये स्पीडोमीटरची केबल पुढच्या डाव्या चाकातून येते. त्यांनी त्या केबलवर एक छोटा सेन्सर बसवला आणि वायर मागपर्यंत नेली. आमची गाडी थांबताना एकदाही बंद पडलेली नाही. पेट्रोलचंही तसंच. कार्ब्युरेटरचा पंप इंजेक्शनला पुरत नाही. टाकी पुढे, ड्रायव्हरच्या जरा मागे; तिथे इलेक्ट्रिक पंप, फिल्टर आणि परतीची वेगळी लाइन टाकली. पंप रबरी बुशवर टांगलाय, नाहीतर सगळा वेळ त्याची गुणगुण ऐकू आली असती.

आणि एवढं सगळं करणाऱ्या माणसांनी पाण्यात घोळ घातला.

गाडी ताब्यात घेतली. सपाटीवर तापमानाचा काटा मधोमध, मजेत. पहिला लांब चढ आला आणि काटा सरकायला लागला. थांबवून थंड केली, निघालो, पुन्हा तेच. गॅरेजला फोन केला तर उत्तर तयार होतं: "हवा राहिली असेल मॅडम, आणा, काढून देतो." आता या गाडीत हवा राहणं ही खरंच कटकट आहे. रेडिएटर अगदी पुढे, इंजिन अगदी मागे, मध्ये पोटाखालून दोन लांब पाइप, आणि सगळं मिळून १६ लिटरच्या आसपास कूलंट. हवा काढायला गाडीचं नाक जॅकवर उंच करायचं, रेडिएटरच्या वरचा स्क्रू उघडायचा, इंजिन २००० आरपीएमवर धरायचं आणि मागच्या टाकीत कूलंट ओतत राहायचं. ते त्यांनी केलं. पुन्हा तापली. पुन्हा केलं, पुन्हा तापली. दर वेळी कूलंट आणि मजुरी बिलात.

सगळा प्रकार उलगडला तो हीटरमुळे. तापलेल्या इंजिनाची उष्णता बाहेर टाकायला म्हणून मी डॅशबोर्डवरचा हीटरचा दांडा पूर्ण उघडला, आणि दोन-तीन मिनिटांत काटा खाली आला. नुसता उतरला नाही, मधोमध येऊन तिथेच राहिला. दांडा बंद केला की पुन्हा चढायला सुरुवात. गाडी बाजूला घेऊन मागे वाकून हात लावला तर हेडकडून येणारा पाइप हात ठेववत नाही इतका गरम, आणि थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) डबीला येणारा पाइप चक्क कोमट.

कारण असं. या सुबारू इंजिनात थर्मोस्टॅट गरम पाणी बाहेर पडतं त्या बाजूला नाही, रेडिएटरकडून पाणी परत येतं त्या बाजूला, पंपाच्या तोंडाशी आहे. तो उघडायचा तर त्याच्या अंगाला गरम पाणी लागलं पाहिजे, आणि ते त्याला हीटरच्या फेऱ्यातून परत येणाऱ्या पाण्याने लागतं. सुबारूमध्ये हा फेरा कायम वाहता असतो. टी३ मध्ये हीटर बंद केला की झडप पाणीच अडवते. म्हणजे इंजिन उकळतंय आणि थर्मोस्टॅटच्या बाजूला थंड पाणी, तो बिचारा उघडणार कसा! उपाय अगदी साधा: हीटरच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाइपांना झडपेच्या आधी टी आकाराचा जोड घालून एक छोटा बायपास जोडायचा, म्हणजे हीटर बंद असला तरी थोडं पाणी फिरत राहतं.

हे मी त्यांना सांगितलं तेव्हा आधी हसले. मग गाडी सुरू करून मी त्यांचाच हात त्या दोन पाइपांवर ठेवायला लावला. बायपास अर्ध्या तासात बसला. त्यानंतर कितीही चढ असो, काटा हलत नाही. पण हवा काढण्याच्या नावाखाली घेतलेले पैसे परत मागितले तर "काम तर केलंच ना" हे उत्तर. काम केलं, खरंय, पण नको ते. तुम्ही असं काम कुणाकडूनही करून घेणार असाल तर बोलणी करतानाच विचारा, हीटर बंद असताना थर्मोस्टॅटला गरम पाणी कुठून मिळणार? उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरं गॅरेज बघा.

जुने पाइप बदलायला त्यांनी सांगितलं, ते मात्र बरोबर होतं. पोटाखालचे ते दोन लांब पाइप स्टीलचे असले तर आतून गंजतात, प्लास्टिकचे असले तर टोकाच्या जोडाशी दगा देतात. आता स्टेनलेस स्टीलचे आहेत. बिल बघितलं तर इंजिनापेक्षा पाइप, होज, क्लॅम्प, वायरिंग आणि मजुरी यांचाच आकडा मोठा दिसला. इंजिन स्वस्तात मिळतंय म्हणून उडी मारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पत्र्याच्या कामाबद्दल थोडक्यात: त्यांच्याकडे देऊ नका. टी३ चा पत्रा जोडांवर सडतो. कारखान्यात जोडांमध्ये भरलेलं सीलंट वाळून भेगाळतं, पाणी आत शिरतं आणि रंगाखाली गंज पसरतो. पुढच्या काचेच्या रबराखाली, चाकांच्या कमानींत आणि ओट्यामागच्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही, तिथेही तेच. बरोबर पद्धत म्हणजे जोड पूर्ण खरवडायचा, सडका पत्रा कापून नवा वेल्ड करायचा, प्रायमर, नवं सीलंट, मग रंग. यांनी वरवर घासून लांबी (पुटी) भरली आणि रंग मारला. पहिला पावसाळा संपायच्या आत जोडाच्या रेषेवर फोड आले. रंग जुळवलाय मात्र अप्रतिम, फोडसुद्धा त्याच छटेचे आहेत. आता ते सगळं दुसऱ्या माणसाकडे, नीट टिनकाम करणाऱ्याकडे चाललंय.

चालवायला कशी आहे? पूर्वी चढाच्या पायथ्याशीच वेग गोळा करावा लागायचा. आता तिसऱ्या गिअरमध्ये आरामात चढते आणि पाय दाबायला अजून जागा शिल्लक असते. ओव्हरटेक हा प्रकार मला नव्याने शिकावा लागला. ॲव्हरेज जवळपास पूर्वीइतकंच. ज्यांना पेट्रोल वाचवायचंय त्यांच्यासाठी हा उद्योग नाही. चार गिअरचाच गिअरबॉक्स असल्यामुळे शंभरच्या वेगाला इंजिन तीन हजारांच्या वर फिरतं, आणि गोंगाट होतोच. लांब चौथा गिअर बसवून घ्या असं गॅरेजवाले म्हणतात. मी थांबलेय, कारण हा गिअरबॉक्स मुळात कमी ताकदीसाठी केलेला आहे आणि त्याला उघडायचं तर पूर्ण ओव्हरहॉलच करेन. तोवर खालच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दणकन दाबायचा नाही, हा घरातला नियम. नवऱ्यासाठी आहे तो मुख्यतः.

ब्रेकचा विषय त्यांनी स्वतःहून काढला नाही, ही आणखी एक तक्रार. ताकद जवळपास पावणेदोन पट करून देताना ब्रेकची चौकशी करायला नको? पुढे डिस्क, मागे ड्रम. मी आग्रह धरल्यावर डिस्क, पॅड, होज, मागचे व्हील सिलिंडर सगळं नवं टाकलं. एवढ्याने सध्या भागतंय. कागदपत्रांचं तुमचं तुम्ही बघा: इंजिन नंबर बदलतो, तेव्हा नोंदणी आणि विमा दोन्हीकडे काम सुरू करण्याआधी विचारलेलं बरं. गॅरेजने इंजिनाच्या खरेदीची पावती आणि फोटो व्यवस्थित दिले होते, त्यामुळे माझं अडलं नाही.

मग यांच्याकडे जावं का? इंजिन, जोडणी आणि वायरिंग यांसाठी डोळे मिटून. पाण्यासाठी डोळे उघडे ठेवून. पत्र्यासाठी अजिबात नाही. आणि तुमचं मूळ इंजिन सुकं आणि निरोगी असेल, तर कुणाकडेच जाऊ नका, फक्त कूलंट वेळेवर बदला.

पुढचा टायमिंग बेल्ट मात्र मी घरीच बदलणार आहे. सुबारूमध्ये इंजिनाचं जे तोंड पुढे असतं ते या गाडीत मागे येतं, बंपर काढला की बेल्ट समोरच. आणि या जुन्या ईजे२२ मध्ये बेल्ट तुटला तरी पिस्टन वाल्व्हला धडकत नाही, गाडी नुसती उभी राहते. पुली धरून ठेवायचं हत्यार मागवलंय.