घरात एफएम खरखरतंय: तार लावावी, दांड्या घ्याव्यात की अ‍ॅम्प्लिफायरवाली अँटेना?

गॅलरीत स्वच्छ वाजणारा रेडिओ हॉलमध्ये आणला की खरखरतो, ही तक्रार असेल तर रेडिओ बिघडलेला नाही. एफएमची लहर साधारण ३ मीटर लांबीची असते आणि आपल्या खिडक्यांना बसवलेल्या लोखंडी ग्रिलचे चौकोन वीतभर. एवढ्या फटीतून ती लहर धड आत शिरत नाही. त्यात आरसीसीच्या भिंतीतल्या सळया आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. पुण्याच्या पेठेतल्या जुन्या लाकडी माडीवर जो रेडिओ नुसत्या दांडीवर गात असेल, तो हडपसरच्या टॉवरमध्ये दहाव्या मजल्यावरही कुरकुरू शकतो. उंची आहे, पण सेट ठेवलाय आतल्या भिंतीजवळच्या शोकेसमध्ये.

म्हणून माझं मत आधीच सांगतो: पैसे अँटेनेच्या ताकदीवर घालू नका, जागेवर घाला. खिडकीशी लावलेली साधी तार हॉलच्या कोपऱ्यातल्या महागड्या अँटेनेला बहुतेक वेळा मागे टाकते.

बाजारात जाण्याआधी दोन फुकटच्या गोष्टी करून बघा. पहिली, सेटवर स्टिरिओ-मोनोचं बटण असेल तर मोनो करा. स्टिरिओ तितकंच स्वच्छ ऐकायला सिग्नल सुमारे २० डेसिबलने, म्हणजे शंभरपट, जास्त लागतो. बातम्या आणि गप्पा ऐकायला स्टिरिओ कशाला हवाय? दुसरी, घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर एकेक करून बंद करा. एखादा स्वस्तातला दिवा बंद करताच खरखर थांबली, तर अँटेना आणण्याऐवजी दिवा बदला. हा उपद्रव वाटतो त्यापेक्षा बराच जास्त आहे. घरातच तयार होणारा हा गोंगाट कुठलीही अँटेना सिग्नलबरोबर गोळा करणारच.

आता सेटच्या मागे बघा. अँटेनेचं सॉकेट आहे, की नुसती ओढून लांब करायची दांडी? अर्धा निर्णय इथेच होतो.

नुसती दांडी असेल, म्हणजे स्वयंपाकघरातला नेहमीचा पोर्टेबल, तर पर्याय एकच आणि तो सगळ्यात स्वस्त: क्रोकोडाइल क्लिप लावलेली दीड-दोन मीटर वायर. क्लिप दांडीला चावायला द्यायची, वायर खिडकीच्या चौकटीवरून शक्य तितकी बाहेर सोडायची. वायर ग्रिलला मात्र गुंडाळू नका, तिच्यापासून थोडी लांब ठेवा. खिशातल्या रेडिओत आणि एफएमवाल्या मोबाइलमध्ये इअरफोनची वायरच अँटेनेचं काम करते, त्यामुळे ती गुंडाळून न ठेवता सरळ सोडली तरी फरक कळतो. एक धोका आहे. वायर फार लांब झाली आणि एखादं जोरदार स्टेशन जवळ असलं, की तेच स्टेशन डायलवर तीन ठिकाणी ऐकू यायला लागतं. तसं झालं तर वायर कमी करा.

सॉकेट असेल, म्हणजे बाबांचा जुना डेक किंवा अ‍ॅम्प्लिफायर-ट्यूनर, तर खरी निवड तिथे आहे.

पहिला उमेदवार टी आकाराची चपटी तार. पूर्वी म्युझिक सिस्टिमच्या खोक्यात ही मिळायची आणि बहुतेक घरांत ती खोक्यातच राहायची. दोन पदरी रिबनसारखी वायर, आडवा भाग साधारण दीड मीटर, मधून खाली सेटपर्यंत शेपूट. ती ३०० ओहमची असते (ओहम म्हणजे तार आणि सॉकेट एकमेकांना जुळतात का, ते सांगणारं माप). मागे दोन स्क्रू असतील तर थेट त्यांना लावायची. टीव्हीसारखं गोल ७५ ओहमचं सॉकेट असेल तर मध्ये दोघांना जुळवणारा छोटा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लागतो. पुण्यात तपकीर गल्लीत टीव्हीच्या सुट्या भागांच्या दुकानात विचारा.

विकत मिळाली नाही तर घरीच करा. स्पीकरची साधी दोन पदरी वायर घ्या, टोकापासून ७२ सेंटिमीटर अंतरापर्यंत दोन्ही पदर सुटे करा, तिथे गाठ मारा म्हणजे पुढे फाटत जाणार नाही. सुटे पदर एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ताणले की झाली अँटेना, आणि हिला ७५ ओहमचं सॉकेट बऱ्यापैकी जुळतं. माप कुठून आलं? १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचं, उत्तर मीटरमध्ये पूर्ण लांबी. आकाशवाणी पुण्याच्या १०१ साठी १.४२ मीटर येतं, पुणे विद्यापीठाच्या विद्यावाणीच्या १०७.४ साठी १.३३. १.४४ ठेवली की सगळ्या पट्ट्याला चालून जाते. दहा-पंधरा सेंटिमीटरच्या फरकाने फारसं बिघडत नाही.

हिचा एकच नखरा म्हणजे दिशा. ताणलेल्या तारेच्या समोरून आणि मागून येणारं तिला छान ऐकू येतं, टोकांच्या दिशेने येणारं जवळजवळ नाही. विद्यापीठातल्या विद्यावाणीसारख्या किंवा लॉ कॉलेज रस्त्यावरच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटच्या ९०.४ सारख्या कम्युनिटी, म्हणजे आसपासच्या परिसरापुरत्या, स्टेशनांना हे फार लागू पडतं. अशा स्टेशनांना नियमाने साधारण १०० वॉटचीच ताकद मिळते आणि त्यांचा पल्लाही ५ ते १० किलोमीटरच्या आसपास. हडपसरहून विद्यापीठाचं गणेशखिंड वायव्येला, म्हणजे तार नैर्ऋत्य-ईशान्य अशी ताणायला हवी. घरात तशी भिंत नसेल तर पडद्याच्या रॉडच्या वर तिरकी लावा, पण रॉड लोखंडी असेल तर त्यापासून वीतभर दूर. आडवी करून जमलं नाही तर उभी करून बघा. चिकटपट्टीने तात्पुरती लावा, दोन दिवस ऐका, मग खिळे मारा.

दुसरा उमेदवार टेबलावर ठेवायची दोन दांड्यांची अँटेना, जुन्या टीव्हीवर असायची तीच. दांड्या प्रत्येक स्टेशनसाठी लहान-मोठ्या करता येतात, कोन बदलता येतो, आणि भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडावं लागत नाही. पूर्ण ओढलेली प्रत्येक दांडी ७० सेंटिमीटरच्या आसपास भरते ना, एवढं दुकानातच मोजून घ्या. मधे गोल कडं असेल तर ते टीव्हीच्या वेगळ्या पट्ट्यासाठी असतं, एफएमला त्याचा उपयोग शून्य. अडचण अशी की ही अँटेना शेवटी सेटच्या डोक्यावर, टीव्ही आणि वायफायच्या राउटरशेजारी जाऊन बसते. तारेसमोर ही जिंकते ती फक्त सोयीत.

तिसरा उमेदवार, ज्याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते: यूएसबीवर चालणारी, पापडासारखी चपटी, अ‍ॅम्प्लिफायरवाली. खोक्यावर शेकडो किलोमीटरच्या बाता. या बहुतेक टीव्हीसाठी बनवलेल्या असतात आणि टीव्हीच्या काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ८८ ते १०८ चा पट्टा मुद्दाम अडवणारा फिल्टर असतो, म्हणजे एफएमसाठी घेतलेली वस्तू एफएमच गिळते. फिल्टर नसला तरी अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल आणि गोंगाट दोघांनाही सारखंच मोठं करतो, आणि त्याचा यूएसबी अ‍ॅडाप्टर स्वतःची थोडी भर घालतो. शहरात जोरदार खासगी स्टेशनं भरपूर आहेत. ती आणखी मोठी करून सेटमध्ये कोंबली की शेजारचं बारीक स्टेशन दबतंच.

लांब केबलसाठी अ‍ॅम्प्लिफायर हवाच, असं दुकानदार सांगेल. एफएमच्या पट्ट्यात आरजी-६ केबलच्या २० मीटरमध्ये दीड डेसिबलही जात नाही. एवढ्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर घेऊ नका. आणि ही आरजी-६ म्हणजे डिश टीव्हीची काळी केबल, सोडलेल्या कनेक्शनची गुंडाळी अनेकांच्या माळ्यावर पडलेली असते. तीच वापरा.

एक ओळखण्याची खूण. सतत सुं-सुं आवाज येत असेल तर सिग्नल अशक्त आहे, तार लावून फायदा होईल. आवाज मोठा आहे पण 'स' आणि 'श' फाटून येतात, तर सिग्नल टेकडीवर आणि इमारतींवर आपटून दोन-तीन वाटांनी पोचतोय. बावधन-पाषाणकडे टेकड्यांच्या आडोशाला हे होऊ शकतं. तिथे अ‍ॅम्प्लिफायर काहीच करू शकत नाही. अँटेना फूट-दोन फूट सरकवणं किंवा फिरवणं हाच इलाज.

गच्चीवरची अँटेना या सगळ्यांच्या वर आहे, यात वाद नाही. पण सोसायटीची परवानगी, डक्टमधून केबल, नीट अर्थिंग आणि एप्रिल-मेच्या वळवात विजा कडाडायला लागल्या की केबल काढून ठेवायची शिस्त, एवढं सगळं जमणार असेल तरच त्या वाटेला जा. कम्युनिटी स्टेशन लांबून ऐकायचंच असेल तर तीच वाट. गच्चीवर जुनी टीव्हीची अँटेना गंजत उभी असेल तर आधी तिला केबल जोडून बघा. मापं एफएमची नसली तरी उंचीमुळे ती अनेकदा वेळ निभावते.

मोबाइलवर आकाशवाणीचं अ‍ॅप असताना हा खटाटोप कशाला, असं घरातली तरुण मंडळी विचारतील. ऐकायला तेही चांगलंच आहे. फक्त ते काही सेकंद मागे चालतं आणि त्याला नेट लागतं. महावितरणने वीज घालवली की राउटरही जातो, सेलवरचा रेडिओ चालू राहतो.

तेव्हा पोर्टेबल असेल तर क्लिपची वायर, डेक असेल तर टी तार, भाड्याचं घर असेल आणि घरमालक खिळ्यावरून भांडत असेल तर दांड्या. अ‍ॅम्प्लिफायर घेतलाच तर परत करण्याच्या बोलीवर घ्या.

आणि तुमची तक्रार पुणे केंद्राच्या मध्यम लहरींबद्दल, म्हणजे ७९२ किलोहर्ट्झबद्दल असेल, तर यातलं काहीही विकत घेऊ नका. ते स्टेशन पकडणारी अँटेना रेडिओच्या पोटातच असते, काळ्या फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तांब्याची तार. दांडी कितीही ओढा, तिला फरक पडत नाही. अख्खा रेडिओ टेबलावर हळूहळू फिरवा आणि आवाज सगळ्यात भरून येईल त्या तोंडाने ठेवा.