बीबीसी मायक्रो: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मॉडेल बी प्रकारचा बीबीसी मायक्रो हा १९८०च्या दशकातला संगणक मी आठ महिने जवळजवळ रोज वापरत आहे. १९८४ साली ‘क्लास’ या सरकारी योजनेतून आपल्याकडच्या शाळांत हीच यंत्रे आली होती आणि आमच्या शाळेत ती पाहिल्यापासून असे एक यंत्र घरी असावे, अशी माझी इच्छा होती.

जुने संगणक सुरू व्हायला फार वेळ घेत, असे सरसकट म्हटले जाते. या यंत्राच्या बाबतीत ते खरे नाही. बटण दाबताच आधी खर्जातला आणि लगेच वरच्या पट्टीतला असे दोन सूर उमटतात, ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ ही ओळ येते आणि ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह आज्ञेची वाट पाहू लागते. कार्यप्रणाली आणि बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा या दोन्ही गोष्टी प्रत्येकी १६ केबीच्या रॉममध्ये, म्हणजे न पुसल्या जाणाऱ्या चिपमध्ये, कायमच्या असल्यामुळे डिस्कवरून काहीही आणावे लागत नाही. माझ्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चित्र उजळायलाच त्याहून अधिक वेळ लागतो. पूर्वी कार्यालयात वापरलेला आयबीएम एक्सटी हा संगणक आधी ६४० केबीपर्यंत मेमरी मोजत बसे आणि मग हार्ड डिस्ककडे वळे.

खरी प्रतीक्षा असते ती प्रोग्रॅम साठवलेल्या कॅसेटची. १२०० बॉडच्या (सेकंदाला १२०० बिटांच्या) वेगाने २५६ बाइटांचा एकेक ब्लॉक येतो, मध्ये थोडी मोकळी जागा जाते आणि २० केबीचा प्रोग्रॅम चढायला साडेतीन-पावणेचार मिनिटे लागतात. तोवर फाइलच्या नावापुढे ब्लॉकचा क्रमांक शून्यापासून षोडशमान (सोळाच्या पायाच्या) पद्धतीने वाढत असतो आणि ४एफ, म्हणजे ऐंशीपैकी शेवटचा ब्लॉक, दिसले की जीव भांड्यात पडतो. एखादा ब्लॉक बिघडला तर ‘डेटा?’ आणि ‘रिवाइंड टेप’ असा संदेश येतो. पण टेप थोडी मागे नेली की त्याच ब्लॉकपासून पुढचे काम चालू होते, आणि ही सोय मला या यंत्रातली सर्वांत समंजस गोष्ट वाटते. टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटने पुसून त्याचा कोन बारीक पेचकसाने जुळवल्यापासून हा संदेश क्वचितच दिसतो.

चौथ्या महिन्यात वीजपुरवठ्याच्या पेटीतून अचानक धूर आला. चाळीस वर्षांचा जुना फिल्टर कपॅसिटर फुटला होता. विक्रेत्याने तो बदलला असल्याचे सांगितले होते. कपॅसिटर बदलल्यावर यंत्र पूर्वीसारखेच सुरू झाले. घेणाऱ्याने मात्र पहिल्यांदा प्लग लावण्यापूर्वी ती पेटी जाणकाराकडून उघडून पाहावी.