ट्रिपल स्टार्ट म्हणून माझ्या गळ्यात मारलेला टॅप-डायचा सेट

फाउंटन पेन कातायला नव्याने सुरुवात करणाऱ्या, आणि त्यासाठी पैसे मोजूनमापून काढावे लागणाऱ्या सगळ्यांनी हे वाचावं म्हणून लिहितेय. माझी तीन महिन्यांची बचत एका विक्रेत्याच्या घशात गेली. त्याने वापरलेली युक्ती इतकी साधी आहे की आठवलं की अजून संताप होतो.

लेथ माझ्याकडे होता. जुना, छोटा, चकमध्ये (रॉड पकडणाऱ्या जबड्यात) थोडा रनआउट, म्हणजे फिरताना किंचित डगमग, पण पेनपुरता चालणारा. निब, तिला शाई पुरवणारा फीड आणि दोन्ही धरून ठेवणारं हाउसिंग असं तयार युनिट विकत मिळतं. जोवो कंपनीच्या ६ नंबरच्या युनिटसाठी सेक्शनमध्ये, म्हणजे पेन बोटांनी धरतो त्या भागात, ७.४ × ०.५ चे आटे पाडावे लागतात (मिमीत व्यास × पिच, पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर). त्याचा टॅप, म्हणजे भोकात आतून आटे पाडणारं हत्यार, घेऊन झाला होता. राहिला होता टोपणाचा टॅप आणि बाहेरून आटे पाडणारा डाय.

खरा खर्च इथेच असतो. चांगल्या पेनाचं टोपण दीड-दोन फेऱ्यांत निघतं, कारण त्याचे आटे ट्रिपल स्टार्ट असतात. म्हणजे एकाऐवजी तीन आटे, एकमेकांपासून १२० अंशांवर सुरू होऊन शेजारीशेजारी फिरत जातात. पिच ०.८ मिमी असला तरी एका फेरीत टोपण २.४ मिमी सरकतं. इतर कामांत असे टॅप-डाय फारसे लागत नाहीत, ते बहुधा मुद्दाम बनवून घ्यावे लागतात. म्हणून महाग.

अशात जाहिरात दिसली: १२ × ०.८, ट्रिपल स्टार्ट, सोबत इबोनाईटचे चार रॉड, आणि सगळं मिळून निम्म्याहून कमी किमतीत. फोनवर माणूस अगदी आपुलकीने बोलला. "ताई, मी स्वतः पेनं करायचो, आता वेळ होत नाही. तुमच्यासारख्या शिकणाऱ्याकडे गेलं तर बरं वाटेल. पण आजच सांगा, दुसरा माणूस दारात उभा आहे." मी लगेच सगळे पैसे पाठवले.

सेट आला. टॅपवर १२ × ०.८ कोरलेलं होतं. मी पिच गेज लावून पाहिला, ०.८ चं पान तंतोतंत बसलं. माझी खात्री पटली आणि नेमकी तिथेच मी फसले. पिच गेज शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर दाखवतो. ते अंतर साध्या आट्यांत आणि ट्रिपल स्टार्टमध्ये सारखंच असतं. फरक असतो तो एका फेरीत किती पुढे सरकतं यात, आणि ते गेज सांगत नाही.

ॲक्रिलिकच्या तुकड्यावर डाय चालवला, दुसऱ्यात टॅप मारला, दोन्ही जोडून फिरवले. चार मिमीच्या आट्यांना पाच फेऱ्या लागल्या. दोनही लागायला नको होत्या. मग एका खाचेत मार्करचा ठिपका दिला आणि टाचणीचं टोक त्या खाचेतून एक पूर्ण फेरी फिरवलं. ट्रिपल स्टार्ट असता तर टोक ठिपक्यापासून तिसऱ्या खाचेत पोचलं असतं. ते लगतच्याच खाचेत आलं. टोकाकडून भिंगातून पाहिलं तर आट्याची सुरुवात एकाच ठिकाणी दिसत होती. साधा, एकेरी आटा.

त्याला कळवलं तर म्हणाला, "नवीन आटे आहेत, वापराने सैल होतील." आटे सैल झाल्याने फेऱ्या कमी होत नाहीत, हे मला तेव्हा ठामपणे म्हणता आलं नाही. त्यात आठ दिवस गेले. मग म्हणे मी डाय तिरका धरला. शेवटी, "वापरलेला माल परत घेत नाही," आणि नंबर ब्लॉक.

रॉडचंही तेच. इबोनाईट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. धारदार हत्याराने कातताना त्याचा गंधकाचा वास येतो, नुसतं जोरात घासून तापवलं तरी येतो. हा रॉड ड्रिलला चिकटून वितळायला लागला आणि नाकात झोंबणारा उग्र दर्प सुटला. माझ्या मते ते पीव्हीसी होतं. पीव्हीसी जास्त तापलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं, ती घशाला वाईट आणि लेथच्या लोखंडालाही. मी खिडकी बंद ठेवून काम करत होते. दोन दिवस घसा जळजळत होता. पैशांपेक्षा याचा राग मला जास्त आहे.

पैसे देण्याआधी एवढं मागाच: त्याच टॅप-डायने पाडलेले दोन तुकडे जोडून, बरोबर एक फेरी फिरवून, आधीचं आणि नंतरचं माप व्हर्नियरवर दाखवणारा, थेट कॉलवरचा व्हिडिओ. फरक २.४ आला तर पुढे बोला, ०.८ आला तर फोन ठेवा. टाळाटाळ झाली तरी ठेवा. आणि हातात पैसे कमी असतील तर ट्रिपल स्टार्टवाचून अडत नाही. १२ × १ चा साधा टॅप-डाय सहज मिळतो, माझं पहिलं पेन त्यावरच झालं. टोपणाला चार फेऱ्या लागतात. कन्व्हर्टरचा (पेनात बसणाऱ्या, शाई ओढून घेणाऱ्या नळीचा) खर्चही मी वाचवला, शाई थेट बॅरलमध्ये, म्हणजे पेनाच्या पोकळ दांड्यातच भरते आणि ती गळू नये म्हणून सेक्शनच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावते.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. विक्रेत्याचं नाव वेगळं, फोटो तोच: निळ्या टॉवेलवर ठेवलेला डाय, कडेला एक छोटी खोच. ती खोच असलेला डाय माझ्या टेबलावर पडलाय.