हायड्रोजन मोजायचाय? हेलियम की आर्गॉन

गॅस क्रोमॅटोग्राफच्या (वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) टीसीडीवर, म्हणजे कॅरिअर आणि नमुना यांच्या उष्णतावाहकतेतला फरक तापलेल्या तारेने, फिलामेंटने, टिपणाऱ्या डिटेक्टरवर, हायड्रोजनचा पीक (आलेखातला उंचवटा) विचित्र येतोय म्हटलं की लोक आधी कॉलम (वायू वेगळे करणारी नळी) भाजतात, मग फिलामेंटवर संशय घेतात. मी आधी विचारतो, कॅरिअर, म्हणजे नमुना वाहून नेणारा वायू, कुठला लावलाय? हेलियम आणि आर्गॉन दोन्ही वापरलेत, म्हणून चार शब्द.

हेलियम चांगलाच आहे. नायट्रोजन, मिथेन, सीओटू ठसठशीत येतात, करंटही भरपूर देता येतो. अडचण फक्त हायड्रोजनची. त्याची उष्णतावाहकता साधारण 0.18 वॅट प्रति मीटर-केल्विन, हेलियमची 0.15. त्यातही दोघांच्या मिश्रणाची वाहकता सरळ रेषेत वाढत नाही; थोडा हायड्रोजन मिसळला की ती उलट घटते. म्हणून कमी प्रमाणात पीक इतर वायूंसारखा वर येतो, आणि प्रमाण काही टक्क्यांच्या पुढे गेलं की माथ्यावर खाच पडते, मग शेंडाच बेसलाइनखाली (आलेखाच्या मूळ रेषेखाली) जातो. सॉफ्टवेअर त्याचे दोन पीक धरतं. दर वेळी हाताने इंटिग्रेशन करायचं (पीकचं क्षेत्रफळ काढायचं), आणि एकाच क्रोमॅटोग्रामवर दोघांनी बसून दोन वेगळे आकडे काढायचे, याला मी खरंच कंटाळलो. हा यंत्राचा बिघाड नाही, त्यामुळे दुरुस्त होण्यासारखाही नाही. हेलियममध्येच 8.5 टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन मिसळून कॅरिअर करायची जुनी युक्ती आहे, पण तयार मिश्रणाचा सिलिंडर सांभाळत बसणं मला तरी नको वाटतं.

आर्गॉनची वाहकता जेमतेम 0.018. हायड्रोजनचा पीक खाली जातो खरा, पण पोलॅरिटी (सिग्नलची दिशा) बदलली की सरळ उभा राहतो, आणि कॅलिब्रेशनची रेषाही सरळ येते. ट्रान्सफॉर्मर तेलाच्या डीजीएमध्ये (तेलात विरघळलेल्या वायूंच्या चाचणीत) हायड्रोजन पीपीएममध्ये पकडायचा असतो. तिथे मला आर्गॉनशिवाय दुसरं सुचत नाही. सीओ, सीओटू तिथे मिथनायझरमधून (त्यांचं मिथेन करणाऱ्या भागातून) एफआयडीवर, म्हणजे ज्योतीवर चालणाऱ्या दुसऱ्या डिटेक्टरवर, जातातच.

किंमत मोजावी लागते. सीओटूची वाहकता आर्गॉनच्या इतकी जवळ आहे की टीसीडीवर तो जवळपास गायब होतो. नायट्रोजन-ऑक्सिजनही फिके पडतात. तुमचं मुख्य काम त्यांचंच असेल तर हेलियम हलवू नका. दोन्ही हवं असेल आणि बजेट असेल तर दोन चॅनेल घ्या, हायड्रोजनचा आर्गॉनवर. एकच चॅनेल आणि रिपोर्टात हायड्रोजनचा आकडा महत्त्वाचा, तर माझं मत आर्गॉनलाच.

फक्त बदलताना फिलामेंट करंट आधी कमी करा, सिलिंडर नंतर. आर्गॉन उष्णता फार कमी ओढून नेतो. हेलियमचा करंट तसाच राहिला तर फिलामेंट जळायला वेळ लागत नाही.