मृत्युपत्र की हयातीतला ट्रस्ट?

ठाण्यात पाचपाखाडीला आमच्या सोसायटीतली निवृत्त मंडळी हे वरचेवर विचारतात. हयातीतला ट्रस्ट म्हणजे जिवंतपणीच दस्त करून आपली मालमत्ता विश्वस्तांच्या हाती सोपवणं. मी दोन्ही केलंय, म्हणून सांगतो.

मृत्युपत्र सोपं, यात वाद नाही. दोन साक्षीदार, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक, मन बदललं की नवं करा. अमेरिकेतल्या मुलांकडून ‘प्रोबेट टाळायला लिव्हिंग ट्रस्ट करा’ असं ऐकलं असेल (प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला), तर तेवढ्यासाठी धावपळ नको. मृत्युपत्र ठाण्यात केलेलं आणि घरही ठाण्यातच असेल, तर प्रोबेट सक्तीचं नाही.

माझं मत फिरलं ते आईच्या आजारपणात. तिचं मृत्युपत्र चोख होतं. पण स्मृतिभ्रंश वाढला, सही जुळेना. ठेवी तिच्या एकटीच्या नावावर. इस्पितळाच्या बिलासाठी ठेव मोडायला गेलो, तर बँकेचं एकच, ‘त्यांची सही आणा.’ माझ्याकडे कुलमुखत्यारपत्र होतं; पण देणाऱ्याचं भान हरपलं की तेही कायद्याने संपतं, हे तेव्हा कळलं. पालक म्हणून नेमणूक मिळवायला उच्च न्यायालयात जावं लागलं. तिचेच पैसे, आणि आम्ही भावंडं कित्येक महिने उसनवारी करत होतो. मृत्युपत्र कपाटात होतं, पण ती असेपर्यंत त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

ट्रस्टमध्ये हीच फट बुजते. आज मी आणि पत्नी विश्वस्त. आमच्यापैकी कुणी अक्षम झालं, असं डॉक्टरांनी लेखी दिलं, की मुलगी त्या जागी येते. पैसे थांबत नाहीत. रद्द करण्याचा अधिकार मात्र दस्तात स्पष्ट राखून ठेवा. १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्यात कलम ७८ तेच सांगतं. असा अधिकार राखला की उत्पन्नावरचा कर आपल्याच डोक्यावर राहतो, कर वाचवायला हा मार्ग नव्हे. कटकटही आहे: पॅन, नवं खातं, एकेक ठेव ट्रस्टच्या नावावर करणं. जी राहिली ती बाहेरच.

घर मी ट्रस्टमध्ये घातलं नाही. दस्त नोंदवा, मुद्रांक शुल्क भरा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट बदला. एवढं करण्यापेक्षा ते मृत्युपत्रातच बरं वाटलं.

घर आणि थोड्याशा ठेवी, त्याही जोडीदारासोबत संयुक्त नावावर असतील, तर तुम्हाला कदाचित मृत्युपत्र पुरेल. पण ठेवी मोठ्या असतील आणि साठी उलटली असेल, तर मला विचाराल तर ट्रस्टचा दस्त आधी करा, मृत्युपत्र त्याच आठवड्यात.